घरातल्या मारहाणीमुळे, छळामुळे बाईवर घरातनं निघायची वेळ आली तर सरकारी पैशातून काय मिळतं
पहिलं काम, १८१ (महिला हेल्पलाइन) लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू, आणि जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर (छळ सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी सगळी मदत देणारं सरकारी केंद्र) कुठंय ते विचारून घ्या. हे सेंटर केंद्राच्या पैशावर चालतं, २०१३ च्या निर्भया फंडातनं (बायकांच्या सुरक्षेसाठीचा केंद्राचा निधी) सुरू झालेलं, त्यामुळे राहणं (५ दिवसांपर्यंत), जेवण, डॉक्टर, वकिलाचा सल्ला कशालाच पैसे द्यायचे नाहीत, कोणी मागितले तर सरळ नाही म्हणा. मग संरक्षण अधिकाऱ्याकडे (घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) तक्रार लिहून द्या, लिहिता येत नसेल तर त्यांनीच लिहून घ्यायची असते, आणि कॉपी घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठू नका! आधार, बँक पासबुकाचे फोटो आधीच बहिणीला व्हॉट्सॲप करून आपल्या फोनमधनं डिलीट मारा.