पट्टेरी कापडाची चांदणी: गोधडीचा १२ इंची चौकोन कसा जोडावा

साध्या कापडाचा नमुना घ्यायचा आणि त्यात फक्त कापड पट्टेरी वापरायचं, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. साध्या कापडाला दिशा नसते, पट्ट्याला असते. चांदणीला आठ टोकं, प्रत्येक बाजूला दोन. त्या जोडीत एकाचे पट्टे उभे आणि दुसऱ्याचे आडवे गेले की चांदणीची भिंगरी होते. मग कितीही सुबक टीप असली तरी ती डोळ्यांना खुपते. मशीन चालवता येतं आणि शिवणीबाहेर सोडायची पाव इंच माया सारखी धरता येते, एवढं गृहीत धरून पुढे लिहिते.

कापड सुतीच घ्या. पुण्यात लक्ष्मी रोडवर शर्टिंग मिळतं, त्यात विणीतले पट्टे मागा. घेण्याआधी ताग्याचं टोक उलटून बघायचं. पट्टा मागूनही तितकाच गडद दिसला तर तो विणलेला, फिका दिसला तर छापील. छापील पट्टा बरेचदा धाग्याला तिरका गेलेला असतो. धाग्यावर कापलं तर पट्टा वाकडा, पट्ट्यावर कापलं तर कड ताणते. असं कापड या कामाला नकोच. पट्टा पाव इंचाच्या आसपास असावा. इंचभर रुंदीचे पट्टे तीन इंची टोकात जेमतेम तीन मावतात आणि ते ठिगळासारखे दिसतात. लागणारे तुकडे पाव मीटरमध्ये निघतात, तरी अर्धा मीटर घ्या. प्रत्येक तुकडा त्याच रंगाच्या पट्ट्यापासून सुरू करायचा असतो, त्यात थोडं कापड वाया जातंच.

धुवा, खळ द्या, कडक इस्त्री करा, मग कापा.

पट्टेरी कापडाचे ३½ इंची आठ चौकोन. जमिनीच्या, म्हणजे चांदणीमागच्या साध्या कापडाचे (मांजरपाटही छान दिसतं) ३½ × ६½ इंची चार आयत आणि कोपऱ्यांसाठी ३½ इंची चार चौकोन. मध्यासाठी ६½ इंची एक चौकोन, आणि तोही साधाच. मध्याला पट्टे घेतले तर ते वरच्या-खालच्या टोकांशी जुळतात आणि डाव्या-उजव्या टोकांना आडवे जातात. या मापांत माया धरलेली आहे.

आता खरं काम, आयतांवर टोकं चढवण्याचं. मी शिकत होते तेव्हा सगळ्यात जास्त छळलं ते इथेच, म्हणून सावकाश सांगते.

मोठ्या चौकोनावर लहान चौकोन ठेवून चारही बाजू एकदम काढायची पद्धत सगळीकडे शिकवतात. साध्या कापडाला ती उत्तम, पट्टेरी कापडाला अजिबात नाही. पट्टेरी चौकोन एकाच कर्णावर कापला की त्यातून एक डावं टोक निघतं आणि एक उजवं, आणि बसवल्यावर एकाचे पट्टे उभे तर दुसऱ्याचे आडवे येतात. कसंही फिरवा, आठही टोकं एकसारखी होत नाहीत.

त्यापेक्षा चौकोन आयतावर ठेवून कर्णावर टीप मारायची आणि उलटायचा. कापड थोडं वाया जातं, जाऊ दे. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कड मोकळी हातात येत नाही, त्यामुळे ती ताणण्याची भीतीही राहत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: कर्णावर उलटलेला पट्टा दिशा बदलतो. आडवा ठेवलेला उभा होतो, उभा ठेवलेला आडवा.

आयत लांबीत आडवा ठेवा. त्याची वरची कड चौकोनाच्या बाहेर जाणार, खालची मध्याला लागणार. टोकांमध्ये पट्टे मध्यापासून बाहेर धावलेले मला आवडतात, चांदणीला झेप येते. तसं हवं असेल तर दोन्ही पट्टेरी चौकोन पट्टे आडवे ठेवून, सुलट बाजू खाली करून लावा. वरच्या कडेला जो रंग ठेवाल तो उलटल्यावर टोकाच्या बाहेरच्या, म्हणजे कोपऱ्याच्या चौकोनाला लागणाऱ्या कडेला येतो. तो रंग आठही वेळा एकच हवा, आणि त्या कडेचा पाव इंच मायेत जातो हेही धरून चला.

डाव्या चौकोनावर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत खडूची रेघ मारा. टीप मारण्याआधी रेघेवर दोन टाचण्या लावा आणि चौकोन उलटून बघा. पट्टा उभा दिसतोय? मगच मशीनखाली घ्या. ही तपासणी आठही वेळा करायची, सवय झाली म्हणून सोडायची नाही. टीप रेघेवर नको, रेघेपासून एक धागाभर बाहेर, कापून टाकायच्या कोपऱ्याच्या बाजूला. नाहीतर घडीच्या जाडीमुळे उलटलेलं टोक आयताच्या कडेपर्यंत पोचत नाही. पाव इंच माया ठेवून कोपरा कापा, टोक उलटा, इस्त्री वरून दाबा. घासू नका, घासली की पट्टा वाकतो. मग उजवा चौकोन तसाच, रेघ मात्र वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत. दोन टिपा खालच्या कडेपासून पाव इंच वर एकमेकींना छेदल्या पाहिजेत. तो पाव इंच जास्तीचा समजून कापू नका. तो कापला तर मध्याला लागणारी अणी बोथट होते.

बाकी जोडणी सोपी. तीन ओळी करा: वर-खाली कोपरा, आयत, कोपरा आणि मध्ये आयत, मध्य, आयत. वरच्या-खालच्या ओळीत माया कोपऱ्यांकडे आणि मधल्या ओळीत मध्याकडे दाबा, म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत नीट बसतात. ओळी जोडताना टोकांची बाजू वर ठेवा आणि टीप त्या छेदाच्या अगदी कडेने न्या. चौकोन १२½ इंच भरला पाहिजे.

असे चौकोन गोधडीत एकमेकांना थेट चिकटवू नका, शेजारच्या चांदण्यांचे पट्टे एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात. मध्ये साध्या कापडाची दोन इंची पट्टी घाला, आणि वरून धावदोरा घालताना पट्ट्याच्या कडेकडेने चला.