मंदीत खरी पैठणी ऑनलाइन कशी विकावी

बाजार थंडावला की विक्रेत्याचा हात आधी सवलतीच्या पाटीकडे जातो. हातमागावरच्या पैठणीला ती पाटी लावण्यापूर्वी एकदा हिशेब मांडा. समजा, साडी तुम्हाला ३०,००० रुपयांना पडली आणि ४५,००० अधिक ५ टक्के जीएसटी अशी तुम्ही ती विकता. ढोबळ नफा १५,०००. त्यातून पेमेंट गेटवेचे सुमारे १,१०० (२ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी), विम्यासकट कुरिअरचे ६००, पॅकिंगचे ३५० आणि जाहिरातीचे २,५०० वजा करा. हातात १०,४५० उरतात. आता २० टक्के सूट द्या. विक्री ३६,०००, नफा ६,०००, गेटवेचे ९००, बाकी खर्च तेवढाच. उरले १,६५०. एका साडीत सुटायचे तेवढे पैसे सुटायला सहाहून जास्त साड्या विकाव्या लागतील, आणि मंदीत तेवढं गिऱ्हाईक येत नाही. मग खरेदीचा भाव पाडला जातो. शेवटी ती सूट येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराच्या मजुरीतून जाते, आणि माग सोडून दुसऱ्या कामाला गेलेला कारागीर सहसा परत येत नाही.

मंदीत लग्नं थांबत नाहीत, लहान होतात. २०२०मध्ये सलग दोन तिमाही देशाची अर्थव्यवस्था आक्रसली, लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तरी मुहूर्तावर लग्नं लागतच होती. पाच भारी साड्या घेणारं घर अशा वेळी नवरीसाठी एकच खरी पैठणी घेतं आणि करवल्यांचं हलक्यावर भागवतं. त्या एका साडीत आपण फसणार तर नाही ना, ही धास्ती मात्र दुप्पट होते. दुकानात गिऱ्हाईक बाई हाताने काठ चाचपते, पदर उलटून बघते. मोबाइलवर तिला फक्त चित्र दिसतं. म्हणून या काळात ऑनलाइन विकणाऱ्याची दोन कामं: तिची शंका फेडणं, आणि स्वतःचा पैसा कपाटात अडकू न देणं.

माल किती ठेवावा

तयार साड्या तीन महिन्यांत जेवढ्या खपतात तेवढ्याच ठेवा. महिन्याला चार जात असतील तर बारा. त्यांत हिरवा, जांभळा, राणी, मोरपंखी हे हमखास चालणारे रंग असावेत. काळी चंद्रकळा संक्रांतीच्या दोन महिने आधी घ्या. पांढरट आणि फिक्या रंगांच्या साड्या फोटोत देखण्या दिसतात, पण लग्नासाठी कमी उचलल्या जातात आणि घडीवर डाग पकडतात. त्या ऑर्डरीवरच विणून घ्या.

भारी काम तर कधीच साठवू नका. छोटा पदर आणि मोजकी बुट्टी असलेली साडी तीन-चार आठवड्यांत मागावरून उतरते. बांगडी मोराच्या (वर्तुळातला मोर) किंवा अस्सावलीच्या (वेलफुलांची नक्षी) भरगच्च पदराला दोन-तीन महिने लागतात आणि अंगभर काम असेल तर सहा महिनेही जातात. एवढा काळ पैसा अडकवण्यापेक्षा नक्षी आणि रंग दाखवून नोंदणी घ्या: ताणा (मागावरचे उभे धागे) लावताना ४० टक्के, निम्मं विणकाम झाल्यावर मागावरचा फोटो पाठवून ३० टक्के, रवाना करण्यापूर्वी पूर्ण साडीचा व्हिडिओ दाखवून उरलेले ३०. ग्राहकाला व्याज नाही, तुम्हाला कर्ज नाही आणि विणकराला वेळेवर उचल मिळते. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लगेच भरावा लागत नाही, बिल करताना लागतो, हेही सोयीचं आहे.

इथे गडबड होते ती तारखेची. विणकर सांगेल त्या दिवसावर तीन आठवडे चढवूनच ग्राहकाला तारीख द्या. पावसाळ्यात दमट हवेने काम मंदावतं, ताण्याचे धागे तुटतात, कुणाच्या घरी आजारपण निघतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची साडी आषाढातच मागावर चढायला हवी. दसऱ्याला ऑर्डर घेऊन कार्तिकात भारी पदर द्यायचं वचन दिलं, की भांडण ठरलेलंच. अधिक महिन्यातही (२०२६मध्ये तो १७ मे ते १५ जून असा ज्येष्ठात आहे) लग्नसराई बंद असते. पण लेक-जावयाच्या वाणाची खरेदी होते, तेव्हा भारी साड्यांची जाहिरात थांबवून ब्लाउजपीस, स्टोल, दुपट्टे पुढे आणा.

या छोट्या वस्तू एरवीही ठेवाव्यात. दोन ते आठ हजारांत हातमागाचा खरा तुकडा मिळाला, की पुढच्या वर्षी तीच बाई साडीसाठी तुमचा नंबर शोधते. फक्त यंत्रमागाचा तुकडा हातमागाच्या नावाखाली घालू नका. सेमी पैठणी विकायला काही हरकत नाही, पण पहिल्या ओळीतच ‘सेमी, यंत्रमाग’ असं लिहा आणि तिची यादी वेगळी ठेवा.

खरेपणा कसा दाखवावा

सगळ्यांत मोठा पुरावा पदराच्या मागे असतो. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या एकमेकींत गुंतवून विणतात, त्यामुळे मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. जॅकार्डवर (नक्षी यंत्राने उमटवणाऱ्या मागावर) काढलेल्या सेमीच्या पाठीवर सुटे धागे लोंबतात, कापलेले दिसतात किंवा ते झाकायला जाळी लावलेली असते. म्हणून प्रत्येक साडीचा ३०–४० सेकंदांचा व्हिडिओ करा: पदर सुलटा, मग त्याच मोरावर बोट ठेवून कापड उलटं, मग काठ आणि अंग जिथे जुळतात ती जागा. कडियल विणीत तिथे दोन रंगांचे धागे एकमेकांना अडकवलेले असतात, ते जवळून दाखवा. संगीत लावू नका. साध्या आवाजात काय दिसतंय ते सांगा.

जरीबद्दल गोलमाल शब्द वापरू नका. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा, टेस्टेड म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा थर आणि तिसरी प्लास्टिकच्या चकचकीत फितीची. नुसतं ‘प्युअर जरी’ लिहून टेस्टेड पाठवली तर ती फसवणूकच आहे. टेस्टेड वाईट नाही, पण किंमत तिची असावी. खऱ्या जरीच्या साडीचा भाव मात्र सात दिवसांपुरताच द्या. २०२५मध्ये चांदी इतकी भडकली की महिनाभर जुना भाव पाळणाऱ्याला खिशातून घालावं लागलं असतं.

कागदही हवेत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने आलेलं सिल्क मार्कचं लेबल रेशीम खरं असल्याचं सांगतं, साडी हातमागाची आहे की नाही हे नाही. त्यासाठी हँडलूम मार्क आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही (जीआय, म्हणजे वस्तू ठरावीक भागातलीच असल्याची नोंद) आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्या विणकराकडून माल घेत असाल तर तसं लिहा. तिन्हींचा अर्थ दोन ओळींत समजावून सांगा, कारण बहुतेक ग्राहक सिल्क मार्क पाहून साडी हातमागाची समजतात.

साडीखालचा मजकूर असा असावा:

‘येवला, हातमाग. मलबेरी रेशीम, सिल्क मार्क लेबलसह. टेस्टेड जर. कडियल काठ, ४ इंच. पदर २८ इंच, तीन बांगडी मोर. अंगावर नाण्याएवढी बुट्टी, एक वीत अंतरावर. लांबी ५.५ मीटर, ब्लाउजपीस ०.८ मीटर. रंग जांभळा, उन्हात लालसर झाक. डाव्या काठावर पदरापासून हातभर अंतरावर एक धागा जाड आहे, फोटो क्रमांक ९ पाहा.’

शेवटची ओळ गाळू नका. हाताने विणलेल्या कापडात असा धागा असणारच. तो आधी दाखवला तर खरेपणाची खूण ठरतो, घरी गेल्यावर सापडला तर दोष.

फोटो आणि रंग

साडी परत येण्याचं मोठं कारण रंग. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव उमटते. एकच कापड समोरून हिरवं आणि तिरकं धरलं की जांभळट दिसतं. एका फोटोत हे मावत नाही. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी, काचेवर पातळ पांढरं कापड लावून फोटो काढा. घरातले सगळे दिवे बंद ठेवा, कारण पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड मिसळला की जांभळ्याचा मरून होतो. पहिल्या फोटोत साडीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्यावर लावा आणि पुढे तो बदलू नका. फिल्टर अजिबात नको. जरीचा भाग फोटोत पांढरा फटफटीत येत असेल तर एक्स्पोजर किंचित उतरवा.

तीस हजारांच्या वरच्या प्रत्येक साडीसाठी व्हिडिओ कॉल तुम्हीच सुचवा. त्यात बोलणं असं असावं: ‘ताई, आता खिडकीशी आणते, बघा. हाच रंग मांडवात दिव्याखाली थोडा गडद दिसेल. पदर उलटा दाखवू का?’ नवरीची आई आणि मावशी वेगवेगळ्या गावांत असतील तर दोघींनाही त्याच कॉलवर घ्या. निर्णय सहसा एकटीचा नसतो, आणि कॉलनंतर स्क्रीनशॉट फिरत राहिले की त्यात रंग पुन्हा बिघडतो.

पैसे, पार्सल, परतावा

कॅश ऑन डिलिव्हरी या भावाच्या साडीला देऊ नका. दारातून परत आलेलं पार्सल दोन्हीकडचं भाडं खातं आणि साडी दहा-पंधरा दिवस वाटेत अडकते. बँक खात्यातून थेट केलेल्या यूपीआयवर विक्रेत्याला सहसा शुल्क पडत नाही, म्हणून तो पर्याय सर्वांत वर ठेवा. बहुतेक व्यवहारांना १ लाखाची मर्यादा असते, त्यावरच्या रकमेला बँक ट्रान्सफर. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज विक्रेत्याच्या माथी पडतं. ते किमतीत धरलं नसेल तर देऊ नका.

परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन पावती) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. साडीवर ५ टक्के जीएसटी. शिवलेला ब्लाउज वेगळा विकत असाल तर २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के. साडीच्या बिलात ब्लाउज साडीच्याच दराने घुसवू नका. दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवर विकताना कमिशनशिवाय ०.५ टक्का टीसीएस (जीएसटीपोटी) आणि ०.१ टक्का टीडीएस (आयकरापोटी) कापला जातो. हे पैसे पुढे करात वळते होतात, पण तोवर अडकलेले असतात. मंदीत रोख हातात हवी असते, तेव्हा हे आधीच धरून ठेवा.

साडी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा, मग खोक्यात. हवाबंद प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि जर काळवंडते. डांबराच्या गोळ्याही नकोत. खोक्यावर बाहेरून पैठणी किंवा दुकानाचं नाव लिहू नका. पूर्ण किमतीचा विमा वेगळा मागून घ्या, कारण तो घेतला नसेल तर हरवलेल्या पार्सलची कुरिअरची भरपाई फार तोकडी असते. ओटीपीशिवाय पार्सल हातात देऊ नये, असं नोंदवा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी ऑनलाइन चालत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घेणं नाकारता येत नाही. त्यापलीकडे आवडीनिवडीसाठी तीन दिवस द्या, पण फॉल-पिको केला किंवा पदराच्या टोकाला शिवलेला टॅग कापला तर नाही, हे बिलावर छापा. परताव्यात खरी साडी ठेवून सेमी पाठवण्याचा प्रकारही घडतो. त्यावर साधा उपाय असा: पाठवण्यापूर्वी पदरातल्या एका मोराचा डोळा आणि चोच इतक्या जवळून टिपा की धागे मोजता येतील. हाताने विणलेले दोन मोर तंतोतंत सारखे नसतात. परत आलेली साडी त्या फोटोशी ताडून बघा आणि खोकं उघडताना व्हिडिओ चालू ठेवा.

अमेरिकेतल्या मराठी घरांकडून मागणी असली तरी २९ ऑगस्ट २०२५पासून तिथली ८०० डॉलरपर्यंतची आयातशुल्क माफी बंद झाली आहे. शुल्काचे दर वारंवार बदलतात, म्हणून प्रत्येक पार्सलच्या दिवशीचा दर कुरिअरकडून लेखी घ्या आणि ते शुल्क कोण भरणार हे पैसे घेण्यापूर्वीच ठरवा. ते न ठरवता पाठवलेली साडी तिकडे अडकते, आणि परत आणायचा खर्च नफा खाऊन टाकतो.

न खपलेली साडी

सहा महिने पडून राहिलेली साडी आधी नीट तपासा. घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलली नसेल तर जर घडीवर मोडते, आणि तशी साडी नव्याच्या भावाने विकणं चूक आहे. साडी निर्दोष असेल तर फोटो नव्याने काढा, रंगाचं नाव बदलून बघा. बऱ्याचदा अडचण साडीत नसून पहिल्या फोटोत असते. तरीही हलली नाही तर उघड सूट न लावता जुन्या, दोनदा खरेदी केलेल्या ग्राहकांना वैयक्तिक निरोप पाठवा आणि साडीसोबत ब्लाउज शिलाई, फॉल-पिको आणि पुढच्या वर्षीचं एक ड्रायक्लीन मोफत द्या. तुमचा खर्च अडीच-तीन हजारांत आटोपतो आणि गेल्या महिन्यात पूर्ण भावाने घेतलेल्या ताईंना तुमच्या पानावर स्वस्त झालेली तीच साडी दिसत नाही.