सेकंडहँड स्पोर्ट्स कार: बघायला जाण्याआधी मागचे मालक तपासा

मुंबईत जुनी पोर्श, ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यूची एखादी एम कार बघायला जायचं ठरलं, की पहिला फोन मित्राला जातो आणि दुसरा मेकॅनिकला. त्याआधी एक संध्याकाळ नुसत्या कागदांना द्या. इंजिनचा आवाज गाडी समोर आल्यावर ऐकता येतोच. गाडी कुणाकडे होती, कुणी पळवली, मधली दोन वर्षं कुठे उभी होती, हे मात्र आधीच विचारायला हवं. गाडी डोळ्यांसमोर आली की मन आधीच सीटवर जाऊन बसलेलं असतं.

विकणाऱ्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, पूर्ण चासी नंबर आणि आजवरच्या विमा पॉलिसी मागून घ्या. चासी नंबर पूर्णच हवा, कारण राज्य बदललं की गाडीचा नंबर बदलतो, चासी नंबर बदलत नाही. मग सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव फुल्यांनी झाकलेलं दिसेल, पण मालक क्रमांक, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा अजून चढलेला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

मालक क्रमांक 1 दिसला म्हणून खूश होऊ नका. आरटीओत नाव एकदाच चढलंय, एवढंच त्यातून कळतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी एका दलालाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून त्याच्या ओळखीच्या शौकिनाकडे जाते, वर्षभर फिरते आणि कागदावर मालक तोच राहतो. म्हणून आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला. ‘गाडी शेवटची तुम्ही कधी चालवलीत?’ एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर दोन वर्षांपूर्वीचं आलं, तर मधल्या दोन वर्षांचा हिशेब दलालाने द्यायचा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि त्याच्या ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंदही ठेवावी लागते. दोन्ही मागा. दाखवताना कपाळाला आठी पडली, तर ती आठीही लक्षात ठेवा.

मालकाच्या जागी कंपनीचं नाव असेल तर घाबरू नका, महागड्या गाड्यांत ते नेहमीचंच आहे. विक्रीला मंजुरी देणारा बोर्डाचा ठराव मात्र हवा, आणि ती कंपनी आज कुठल्या वसुलीत किंवा जप्तीत अडकलेली नाही ना, हे आपल्या सीएला बघायला सांगा. ‘पारशाची गाडी आहे’ हे वाक्य मुंबईतला दलाल अजूनही मोठ्या ऐटीत टाकतो. ते खरं असेल तर बावाजीने पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती फायलीत लावलेली असणार. फाइल दाखवा म्हणायचं.

नंबर प्लेटची सुरुवातही वाचा. एमएच 01 ताडदेव, 02 अंधेरी, 03 वडाळा, 47 बोरिवली. पुदुच्चेरीची पीवाय प्लेट दिसली, तर कर वाचवण्यासाठी तिथला पत्ता लावला होता का ते विचारा. अशा खोट्या पत्त्यांवरून 2017 साली केरळात गुन्हे दाखल झाले होते. परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला करही भरावा लागतो. महाराष्ट्रात या कराची कमाल मर्यादा 2025 साली 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली. म्हणून पीवायची ‘स्वस्त’ गाडी हिशेब केल्यावरच स्वस्त म्हणा. गाडी परदेशातून खासगीरीत्या आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) आणि ड्युटी भरल्याचा पुरावा पाहिजे. वकिलातींच्या अधिकाऱ्यांच्या नावावर ड्युटी चुकवून आणलेल्या आलिशान गाड्यांचं प्रकरण डीआरआयने (महसूल गुप्तचर संचालनालयाने) 2021 साली उघड केलं होतं. अशी गाडी जप्त झाली तर नंतरच्या खरेदीदाराचे पैसे लटकतात.

आता खरं काम. सगळे कागद तारखेप्रमाणे जमिनीवर पसरा: मूळ इन्व्हॉइस, नोंदणी, प्रत्येक सर्व्हिसचं बिल, टायरची बिलं, विमा, पीयूसी, चलनं, फास्टॅगचं स्टेटमेंट. प्रत्येक तारखेपुढे किलोमीटर लिहा. आकडा कुठे मागे गेलाय का ते दिसेलच, पण मीटर मागे फिरवणारे हल्ली एवढे भोळे नसतात. बघायच्या त्या पोकळ्या, म्हणजे ज्या काळाचा एकही कागद नाही तो काळ. मुंबईत स्पोर्ट्स कार जून ते सप्टेंबर कव्हरखाली उभी असते, त्यामुळे ती पोकळी निरोगी. पण जुलैत गाडी गायब आणि नोव्हेंबरात वायरिंग, सीट, कार्पेटचं बिल, असं दिसलं तर गाडी पाण्यात गेली होती का, हे सरळ विचारा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तेव्हाच्या गाड्या आता बाजारात फारशा नाहीत. पण बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी शिरायला तेवढा पाऊस लागतच नाही.

विमा पॉलिसीत नो क्लेम बोनसचा रकाना शोधा. क्लेम न करता तो 20 टक्क्यांपासून पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जातो आणि क्लेम केला की शून्यावर येतो. त्याच मालकाचा बोनस 45 वरून अचानक शून्य झाला असेल, तर त्या वर्षाचं बिल फायलीत असायलाच हवं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे, म्हणून मालक बदलल्यानंतरचा शून्य निर्दोष असू शकतो. क्लेमचा तपशील विमा कंपनी पॉलिसीधारकालाच देते, तेव्हा विकणाऱ्यालाच ईमेल करायला लावा.

चलनं फक्त थकबाकीसाठी बघू नका. सी लिंकवर वेगमर्यादा 80 ची. तिथली मध्यरात्रीची चार-पाच चलनं असतील, तर ‘फक्त रविवारी सकाळी कॉफीला’ या कहाणीचं काय ते तुम्हीच ठरवा. फास्टॅगवर पुणे एक्स्प्रेसवेचे खालापूर आणि तळेगाव हे टोलनाके दर आठवड्याला दिसले, पण मीटर वर्षाला दोन हजारच दाखवतोय, तर इथेच थांबा. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून कारना टोल नाही, त्यामुळे त्यानंतर तिथल्या नोंदी नसतील. त्याचा संशय घेऊ नका.

एवढं जुळलं की बघायला जा. शक्यतो मालकाच्या इमारतीत, दलालाच्या गाळ्यात नको. दोन्ही चाव्या, सर्व्हिस बुक, टूलकिट मागा. आरसीवरचा चासी नंबर काचेखालच्या पट्टीशी आणि बॉडीवर ठोकलेल्या आकड्यांशी अक्षर अक्षर जुळवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रिळापाशी, जिथवर तो कधी बाहेर येतच नाही, तिथे मातीची बारीक रेघ सापडली की बुडालेली गाडी ओळखता येते. सीट धुणारा तिथवर पोचत नाही. सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती पट्टी गंजलेली आणि वरचं लेदर मात्र करकरीत, हेही तसंच लक्षण. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. बारा हजार किलोमीटरच्या गाडीला तिसरा टायरसंच असेल तर ट्रॅक डे झाले का, म्हणजे गाडी रेसट्रॅकवर पळवली का, ते विचारा.

पार्किंगमध्ये गाडी धुणारा भेटला तर त्याच्याशी दोन मिनिटं बोला. कव्हर कधी निघतं, गाडी कोण घेऊन जातं, मालक की मुलगा की मुलाचे मित्र, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. लग्नांना आणि शूटिंगला पांढऱ्या प्लेटवर भाड्याने जाणारी गाडीही त्याला बरोबर आठवते.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी, मालकाच्या संमतीने. पैसे तुम्ही भरा, रिपोर्ट तुमच्याकडे ठेवा. पोर्शच्या संगणकात इंजिन किती तास चाललं याची नोंद असते, आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) मर्यादेपलीकडे किती वेळा गेले याचीही, टप्प्याटप्प्यांत. वरचे टप्पे मॅन्युअल गाडीत चुकीचा खालचा गिअर पडल्यावर भरतात. पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असा गिअर घेतच नाही, त्यामुळे तिथे वरचे टप्पे भरलेले दिसले तर दुप्पट चौकशी. किलोमीटरला तासांनी भागा. मीटर 12,000 आणि तास 1,400 असतील तर सरासरी ताशी साडेआठ किमी पडते. दादर टीटीचा ट्रॅफिक धरला तरी एवढं हळू कुणी चालत नाही, मीटरच खोटा असणार.

माझं मत विचाराल तर पोकळी नसलेली तिसऱ्या मालकाची गाडी मी पहिल्या मालकाच्या अर्धवट फायलीपेक्षा आधी घेईन, आणि जास्त पैसे देऊन घेईन.

पैसे देतानाही आरसीवरच्या नावाच्याच खात्यात. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर, रकाने भरून, तारखेसह. नाव 30 दिवसांत चढवायचं असतं. तोवर अपघात झाला तर जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली तसंच ठरवलंय, म्हणून शहाणा विक्रेता स्वतःच तुमच्या मागे लागेल. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर दोन्ही लिहा आणि विकणाऱ्याचा फास्टॅग तिथेच उभं राहून बंद करून घ्या.