सेकंडहँड गोल्फ कार्टवरचं अनोळखी लिफ्ट किट

अमेरिकेत पीचट्री सिटीसारख्या गावांत लोक गोल्फ कार्टनेच बाजारहाट करतात. तिथे जुनी, उंच केलेली कार्ट घेतली की बरेचदा लिफ्ट किटवर, म्हणजे कार्ट उंच करणाऱ्या भागांच्या संचावर, ना स्टिकर असतं ना कंपनीचं नाव. तरी काळजी नको. नाव शोधण्याआधी रचना ओळखा.

मागच्या चाकांना उटी (सरकू नयेत म्हणून ठोकळे) लावा, फ्रेमखाली जॅक लावून पुढची बाजू उचला आणि आधाराला स्टँड द्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका, हे मी कळकळीने सांगतोय). दोन्ही चाकांना जोडणारा एकच खाली वाकलेला दांडा दिसला तर ते ड्रॉप अ‍ॅक्सल. दोन्हीकडे वेगळे त्रिकोणी हात असतील तर ए-आर्म. मूळ अ‍ॅक्सल तसाच असून फक्त स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) बदललेले असतील तर स्पिंडल लिफ्ट.

आता चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बुश, म्हणजे आतली नळी, किंवा बेअरिंग झिजलंय. डावी-उजवीकडे धरल्यावरच हललं तर आधी टाय रॉडचे (स्टीअरिंगकडून चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तपासा. बुश मागवायला ब्रँड लागतोच असं नाही. व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी मोजून नेली की बहुतेकदा काम होतं. ग्रीस निपल (ग्रीस भरायची छोटी तोंडं) असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

शेवटी टो, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते. कार्ट जमिनीवर उतरवून थोडी पुढे ढकला, मग हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर पुढच्या दोन टायरमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं साधारण ३ मिमी कमी हवं.

मोठ्या टायरमुळे कार्ट थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून ब्रेकही त्याच दिवशी तपासा.