हेलडायव्हर्स २ : लेव्हलवरून भांडताना होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये गेलं वर्षभर एकच वाद चालू आहे. मंदार म्हणतो, दहाव्या (अवघडपणाच्या सगळ्यात वरच्या) लेव्हलच्या खाली खेळणं म्हणजे टाइमपास. निखिल म्हणतो, दहावर मरत बसण्यापेक्षा सातवर दोन ऑपरेशन्स (सलग मिशन्सचे संच) संपवू, निदान ग्रह तरी हाती लागेल. मग रात्री साडेबाराला, एकही ऑपरेशन पूर्ण न करता, दोघंही ऑफलाइन.

गंमत म्हणजे दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एकाला लढाई अवघड हवी आहे, दुसऱ्याला युद्ध जिंकायचं आहे. हेलडायव्हर्स २ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर दिसतात, म्हणून त्यांची गल्लत होते. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

गेम नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात : स्टॉकहोमच्या ॲरोहेड स्टुडिओने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेला हा चार जणांचा गेम. सगळे खेळाडू एकाच आकाशगंगेतलं एकच युद्ध लढतात. समोर किडे (टर्मिनिड), बॉट (ऑटोमॅटन) आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतलेले इल्युमिनेट, ज्यांना सगळे स्क्विडच म्हणतात. कोणता ग्रह गेला, कोणता आला, हे सगळ्यांचं मिळून ठरतं. वर बसलेला गेम मास्टर, ज्याला खेळाडू जोएल या नावाने ओळखतात, अधूनमधून फासे फिरवतो.

लेव्हल इभ्रतीवर निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मीही ती केली आहे. कोणीतरी वरच्या लेव्हलच्या ऑपरेशनमध्ये ओढून नेतं, आपण मागे मागे पळतो, मिशन जिंकलं जातं, आणि वाटतं आपण आता याच लेव्हलचे. पुढच्या वेळी तो ‘कोणीतरी’ नसतो.

आपली लेव्हल ओळखायची माझी पद्धत साधी आहे. चौघांच्या स्क्वॉडला मिळून वीस रिइन्फोर्समेंट, म्हणजे मेल्यावर परत उतरण्याच्या संधी, मिळतात. चाळीस मिनिटांच्या मिशनमध्ये पंधराव्या मिनिटाला त्यातले निम्मे संपले असतील, तर एक लेव्हल खाली या. मिशनअखेरीस परतीच्या शटलमध्ये बसताना बारा-तेरा शिल्लक असतील, तर खुशाल वर चढा. मरणं तुमचं एकट्याचं असलं तरी खर्च सगळ्यांच्या खिशातून होतो.

लेव्हल कमी करण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. आपण दर वेळी पूर्ण फौज अंगावर ओढवून घेतो का? बॉटची छोटी गस्त दिसते, सगळे एकदम गोळीबार सुरू करतात, आणि त्या धुमाकुळात मागचा एक फालतू बॉट हात वर करून लाल फ्लेअर सोडतो. झालं, ड्रॉपशिप्स आल्या. त्या एकाला आधी पाडलं असतं तर पुढची पाच मिनिटं शांततेत गेली असती. किड्यांचंही तेच. जो किडा जागेवर थांबून अंगातून नारंगी धूर सोडायला लागतो, त्याला आधी मारा, समोर धावून येणारे नंतर. ‘दहावी लेव्हल अशक्य आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी स्क्वॉडची अडचण एवढीच असते. आणि स्टॉकर (लपून हल्ला करणारे किडे) एकामागोमाग येत असतील तर त्यांना मारत बसू नका. जवळच त्यांचं बीळ असतं, ते उडवेपर्यंत ते येतच राहणार.

शस्त्रांचं म्हणाल तर चौघांनी चार मशीनगन घेऊन जायचं आणि चार्जर (जाड कवचाचा मोठा किडा) आला की एकमेकांकडे बघायचं, हा प्रकार पाचव्या लेव्हलपर्यंत खपतो. पुढे निदान दोघांकडे रणगाडाभेदी काहीतरी हवंच. रिकॉइललेस रायफल नको असेल तर एकदा वापरून फेकून द्यायचे ईएटी (रॉकेट लाँचर) तरी घ्या. एका हाकेत दोन येतात, आणि पाठीवर बॅगही लागत नाही.

जुन्या व्हिडिओंवर विश्वास

लेव्हलवरच्या वादात निम्मी भांडणं वेगवेगळ्या काळातल्या लोकांची असतात. मार्च २०२४ मध्ये रेलगन नर्फ झाली, म्हणजे या बंदुकीची ताकद कमी केली गेली, तेव्हा मोठा आरडाओरडा झाला. ऑगस्ट २०२४ च्या मोठ्या अपडेटमध्ये दहावी लेव्हल आली, पण सोबत फ्लेमथ्रोअरची धारही गेली, आणि लोक इतके भडकले की स्टुडिओने साठ दिवसांत गेम सुधारण्याचं जाहीर केलं. १७ सप्टेंबरच्या पॅचमध्ये शस्त्रं चांगलीच दणकट झाली. तेव्हापासून उलटी तक्रार : ‘दहावी आता फार सोपी.’

म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत नववीवर घाम गाळलेला माणूस आणि पॅचनंतर आलेला माणूस एकाच आकड्याबद्दल बोलत नसतात. तेव्हाचा ‘बेस्ट लोडआउट’ व्हिडिओ बघून आज हत्यार निवडलंत तर ते चालेलच असं नाही. आधी व्हिडिओची तारीख बघा.

पहिलं मिशन झालं की पळणं

युद्धाच्या हिशेबात ही चूक सगळ्यात महाग पडते. वरच्या लेव्हलला एका ऑपरेशनमध्ये तीन मिशन्स असतात, आणि ग्रह किती जिंकला हे दाखवणाऱ्या पट्टीवर खरा परिणाम ऑपरेशन पूर्ण झाल्यावर होतो. आमचा मंदार दहाव्या लेव्हलचं एक मिशन दणक्यात जिंकायचा आणि ‘आता बॉटकडे जाऊ’ म्हणत दुसऱ्या ग्रहावर उडी मारायचा. त्या मेहनतीने ग्रहाला जवळपास काहीच मिळत नव्हतं.

वरच्या लेव्हलचं पूर्ण ऑपरेशन जास्त वजनदार असतं, हे खरं. पण पूर्ण झालेलं सहावं अर्धवट सोडलेल्या दहाव्यापेक्षा केव्हाही भारी. आणखी एक : मुख्य उद्दिष्ट पूर्ण झालं की मिशन जिंकलेलंच असतं, शटलपर्यंत कोणी पोचलं नाही तरी. मेलात तर गोळा केलेले सॅम्पल (जहाज सुधारायला लागणारं सामान) जातात, एवढंच. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला चिडून गेम बंद करू नका.

पट्टी हलत नाही म्हणून गेमला शिव्या

प्रत्येक ग्रहावर शत्रूही आपला गमावलेला टक्का ताशी परत मिळवत असतो. समजा तो वेग तासाला दीड टक्का आहे आणि आपण सगळे मिळून तासाला एक टक्का घेतोय. मग रात्रभर कितीही छान खेळा, पट्टी मागेच जाणार. यात कोणाची फसवणूक नाही, नुसती वजाबाकी आहे.

शिवाय तुमचा वाटा त्या वेळी ऑनलाइन असलेल्यांच्या प्रमाणात मोजला जातो. खेळाडू एकूण कमी असले तरी चालतं, पण ते पाच ग्रहांवर पसरले की सगळे पाच ग्रह अडकतात. त्यामुळे मेजर ऑर्डर (गेमने सगळ्यांना मिळून दिलेलं लक्ष्य) असेल तेव्हा तिकडे जाणं हा निव्वळ आज्ञाधारकपणा नाही.

बचावाच्या वेळी हा हिशेब अजून रंगतो. शत्रूच्या एका ग्रहावरून आपल्या ग्रहावर हल्ला होतो. आपण तो हल्ला करणारा ग्रहच वेळेत जिंकला, तर बचाव आपोआप यशस्वी होतो. खेळाडू याला गॅम्बिट म्हणतात. नकाशावर पुरवठ्याच्या रेषा बघा, ग्रह कुठून कुठे जोडलेत ते लगेच कळतं. मात्र निम्मे लोक बचावाला आणि निम्मे गॅम्बिटला गेले की दोन्ही हातचं जातं, आणि मग चॅटमध्ये एकमेकांच्या आईबापांचा उद्धार.

तरी दुसऱ्या ग्रहावर खेळणाऱ्यांना शिव्या घालू नका. २०२४ च्या सुरुवातीला मॅलेव्हेलॉन क्रीकच्या जंगलात बॉटशी झुंजत बसलेल्यांना इतरांनी भरपूर टोमणे मारले. पुढे तोच ग्रह सुटला, आणि ३ एप्रिलला गेममध्ये त्याचा स्मृतिदिन पाळला गेला, सोबत सगळ्यांना खास केपही (खांद्यावरचा झगा) मिळाला.

आपल्याकडच्यांसाठी अजून एक. आपण सकाळी चहा घेताना नकाशा उघडतो तेव्हा अमेरिकेत रात्रीचा खेळ चालू असतो. आपण ऑफिसात असताना ते झोपतात. आपल्या रात्री नऊला युरोपात संध्याकाळ सुरू होत असते. त्यामुळे एका क्षणाला दिसणारा टक्का बघून ‘हरलो’ असं ठरवू नका. खेळाडूंनीच बनवलेल्या ट्रॅकर साइटवर ताशी वेग दिसतो, तो बघा. गेल्या आठवड्यात निखिलने दुपारी ‘ग्रह गेला, आज किड्यांकडे’ असा मेसेज टाकला होता. रात्री लॉगिन केलं तर तोच ग्रह ९१ टक्क्यांवर, आणि मंदार तिथे एकटाच सातव्या लेव्हलवर, ऑपरेशनच्या तिसऱ्या मिशनमध्ये.