उमेदवाराला शिक्षा झाली आहे का, हे मतदाराने कसे तपासावे

निवडणूक लागली की मराठवाड्यातल्या गावोगावच्या पारांवर एक प्रश्न हमखास निघतो: "त्याच्यावर एवढ्या केसेस आहेत, तरी तो उभा राहतोच कसा?" या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात आणि तपासणीची सुरुवात त्या वेगळ्या करण्यापासूनच करावी लागते. गुन्हा दाखल होणे ही एक गोष्ट आहे आणि न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा देणे ही दुसरी. खटला कितीही गंभीर असला, अगदी उमेदवार कच्चा कैदी म्हणून तुरुंगात असला, तरी आजच्या कायद्याने त्याला उभे राहता येते. अपात्रता येते ती दोषसिद्धीनंतर, आणि तीही प्रत्येक वेळी नाही.

विधानसभा आणि लोकसभेसाठी हा नियम लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ मध्ये आहे. सर्वसाधारण गुन्ह्यात दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास झाला, तर दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्रता सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे टिकते. म्हणजे तीन वर्षांची शिक्षा भोगून २०२४ मध्ये सुटलेला माणूस २०३० पर्यंत उभा राहू शकत नाही, परंतु ज्याला एक वर्ष अकरा महिन्यांची शिक्षा झाली, त्याला त्या पोटकलमाची बाधा होत नाही. काही गुन्ह्यांची यादी मात्र वेगळी आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखालचे गुन्हे, बलात्कार, अस्पृश्यता पाळल्याबद्दल नागरी हक्क संरक्षण अधिनियमाखाली झालेली दोषसिद्धी अशा प्रकरणांत दोन वर्षांची अट नाही आणि नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता येते. साठेबाजी, अन्नभेसळ किंवा हुंडाबंदीच्या गुन्ह्यात सहा महिन्यांची शिक्षा त्यासाठी पुरेशी ठरते.

२०१३ पर्यंत विद्यमान आमदार-खासदारांना अपील करण्यासाठी तीन महिन्यांचे संरक्षण होते. लिली थॉमस प्रकरणात १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तेव्हापासून सगळा भर 'स्थगिती' या शब्दावर आला आहे आणि बातमी वाचताना मतदाराची फसगत होते तीही इथेच. शिक्षेला स्थगिती मिळून जामीन झाला, म्हणजे माणूस तुरुंगाबाहेर राहिला, एवढाच त्याचा अर्थ. अपात्रता टळण्यासाठी दोषसिद्धीलाच स्थगिती मिळावी लागते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात तेव्हाचे आमदार सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढे जामीन मिळाला, परंतु दोषसिद्धीला स्थगिती न मिळाल्याने त्यांना २०२४ ची विधानसभा निवडणूक लढवता आली नाही. उलट राहुल गांधी यांच्या दोषसिद्धीला सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी स्थगिती दिली आणि त्यांची खासदारकी परत आली. म्हणून 'साहेबांना दिलासा' असा मथळा दिसला, तर दिलासा नेमका कशाला मिळाला आहे, हे आधी पाहावे.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळू. प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. ही प्रथा २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे आली. शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील फलकावर लावले जाते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळते. मालमत्तेचे रकाने पुष्कळ जागा व्यापतात व लोकही आधी तेच चाळतात. आपण थेट पाचव्या आणि सहाव्या मुद्द्याकडे जावे. पाचव्यात प्रलंबित खटले असतात, सहाव्यात झालेली शिक्षा. गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालय, कलमे आणि दोषारोप निश्चित झाले की नाही, हे सारे वहीत उतरवून घ्यावे. त्यानंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून खटल्याच्या क्रमांकावरून सद्यस्थिती पाहता येते. अंबाजोगाईचा खटला असो की वसमतचा, पुढची तारीख आणि निकाल घरबसल्या कळतो. रकाना कोरा ठेवणे हा लहानसा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानुसार, सूचना देऊनही माहिती न भरल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

कलमांचा अर्थ लावताना मराठवाड्याच्या मतदाराने विशेष काळजी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. हा आंदोलनांचा प्रदेश आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात, पाण्यासाठीच्या रास्ता रोकोत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनातील अंतरवाली सराटीच्या घटनेनंतर कितीतरी कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल झाले. जुन्या दंडसंहितेतील १४३ म्हणजे बेकायदा जमाव आणि १८८ म्हणजे आदेशाचा भंग. अशा कलमांनी भरलेले शपथपत्र पाहून माणसाला गुंड ठरवणे अन्यायाचे होईल. ३०२, ३०७, ३७६, ३८४ किंवा ४२० ही कलमे म्हणजे खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, खंडणी आणि फसवणूक. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत हीच कलमे भारतीय न्याय संहितेनुसार अनुक्रमे १०३, १०९, ६४, ३०८ आणि ३१८ अशी दिसतील. कलम ३५३, आताचे १३२, सर्वांत फसवे आहे, कारण शासकीय कामात बळाचा वापर करून अडथळा आणल्याचे ते कलम मोर्चात पोलिसांशी झटापट झालेल्यालाही लागते आणि वाळूची हायवा अडवणाऱ्या तलाठ्यावर हात उचलणाऱ्यालाही. येथे कलमावर न थांबता घटना काय होती, हे विचारावेच लागते.

राजकीय पक्षांवरही जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या उमेदवाराची निवड का केली आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करायची आहेत आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे एकमेव कारण चालत नाही. शिवाय उमेदवाराने व पक्षाने प्रचारकाळात तीन वेळा वृत्तपत्रात उमेदवारावरील गुन्ह्यांची माहिती द्यायची असते. बारीक अक्षरांतली ती जाहिरात कापून ठेवावी.

ग्रामपंचायतीचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार सहा महिन्यांच्या कारावासानेही सुटकेनंतर पाच वर्षे अपात्रता येते. गावच्या सदस्याला सहा महिने आणि कायदे करणाऱ्या आमदाराला दोन वर्षे, हा फरक मला मुळीच पटत नाही. खून, बलात्कार, खंडणी आणि सार्वजनिक पैशाचा अपहार यांत अपिलानंतरही दोषी ठरलेल्याला पुन्हा कधीच उमेदवारी मिळू नये. मात्र आंदोलनातल्या शिक्षेला तो नियम लावू नये, नाहीतर सत्तेत असणारा पक्ष विरोधकांना संपवण्यासाठी त्याचाच वापर करील.

शपथपत्रात काही दडवल्याचे आढळले, तर न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडून स्वतःचे नोटरी केलेले शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावे. तेही फलकावर लावले जाते. खोटी माहिती देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. उमेदवार निवडून आलाच, तर त्या मतदारसंघातील कोणताही मतदार निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो आणि मराठवाड्यातील मतदारासाठी त्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे. ही मुदत वाढवून मिळत नाही, त्यामुळे न्यायालयाच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठीचा अर्ज मतमोजणीची वाट न पाहता आधीच करून ठेवावा.