दोन फाइली ताडणारी बॅच फाइल रात्रीवर सोपवण्याआधी

मुख्य ऑफिसकडून आलेली दरांची फाइल काउंटरच्या फाइलशी ताडायची आणि फरक असेल तरच नवी चढवायची, एवढंच काम. तरी बॅच फाइलच्या (विंडोज ओळीने चालवत जाते त्या कमांडच्या यादीच्या) कोडला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने आखा: सारख्या, वेगळ्या, ताडताच आल्या नाहीत. बहुतेक जण पहिल्या दोनवरच थांबतात, आणि रात्री घोळ होतो तो तिसऱ्यात.

विंडोजची एफसी (fc) ही दोन फाइली ताडणारी कमांड हे तिन्ही सांगते. सारख्या असल्या तर एररलेव्हल (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) ०, वेगळ्या असल्या तर १, फाइलच सापडली नाही तर २. आता ‘इफ एररलेव्हल १’ याचा अर्थ ‘एक किंवा त्याहून जास्त’. म्हणजे गायब फाइलही ‘वेगळी’ ठरणार. म्हणून आधी २ तपासा, मग १. त्यातही एक चोरवाट उरते: फाइलचं नाव धरणारं व्हेरिएबल रिकामं राहून कमांडला एकच नाव गेलं तर एफसी उणे १ देते, ते दोन्ही अटींखालून निसटतं आणि स्क्रिप्ट ‘सारख्या’ समजून गप्प बसते. तेव्हा ० आलंय का हेही स्पष्ट विचारा. बाकी काहीही आलं की चूक समजा. ही तपासणी कंसातल्या ब्लॉकमध्ये नको. तिथे टक्के-चिन्हांतलं एररलेव्हल (%errorlevel%) ब्लॉक सुरू होण्याआधीचं असतं. सरळ गोटू (goto, ठरलेल्या ओळीवर उडी मारणारी कमांड) वापरा, दिसायला जुनाट असलं तरी.

फक्त हो-नाही हवं असेल तर एफसीला स्लॅश बी (/b, बाइटला बाइट ताडणं) पुरे, आउटपुट नलमध्ये (>nul, म्हणजे पडद्यावर न दाखवता फेकून) ढकला. मोकळ्या जागांचा फरक सोडून द्यायचा असेल तर स्लॅश डब्ल्यू (/w). फाइली ताडणाऱ्याच दुसऱ्या कॉम्प (comp) कमांडच्या वाटेला जाऊ नका. ती शेवटी ‘आणखी फाइली ताडायच्या का?’ असं विचारत बसते, आणि रात्री उत्तर द्यायला कोण असणार?

आलेली फाइल शून्य बाइटची तर नाही ना, तेही बघा. एफसीच्या लेखी रिकामी फाइल ‘वेगळी’च, म्हणजे ती थाटात काउंटरवर चढेल. पाठवणाऱ्याला सांगा, फाइल तात्पुरत्या नावाने पाठव आणि पूर्ण उतरली की नाव बदल.

चढवण्याआधी जुनी प्रत बाजूला ठेवा. कॉपी झाल्यावर पुन्हा एफसी चालवा. आता ० यायलाच हवा. कॉपीसाठी विंडोजची रोबोकॉपी कमांड वापरणार असाल तर तिथला १ म्हणजे ‘फाइली कॉपी झाल्या’, बिघाड ८ पासून पुढे.

टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी विंडोजची सोय) ‘स्टार्ट इन’ रिकामं ठेवलंत तर स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी राहते, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये फाइलींचे पूर्ण पाथ (ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता) द्या, तेही अवतरणचिन्हांत. मॅप केलेल्या ड्राइव्हच्या (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेल्या) अक्षरावर विसंबू नका.

मग दिवसाउजेडी चाचणी: फाइली सारख्या ठेवून, एक आकडा बदलून, एक फाइल हलवून. आणि एकदा काउंटरची फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून चालवा. कॉपी अडेल; लॉगमध्ये ते नोंदलं गेलं का, ते बघा.